तळ्याचं पान

कात्रण : …मग तळं उजव्या हाताला ठेवून सरळ चालायचं. वीस-पंचवीस पावलं. की आलाच घंटेचा मनोरा. मनोऱ्याच्या पोटातून वाट आहे, तिथे बोललं की आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. आणि पलीकडे निघालं की समोर लायब्ररी.

आत्या : थांब, थांब. मी अजून तळ्यावरच आहे.

कात्रण : परत बाकावर बसलीस?

आत्या : बसू नको तर काय करू? सतरा वर्षं तुझ्या बापाच्या दुकानात पुस्तकं शिवतेय, पाठीचा पार पिळा झालाय. चार दिवस राहायला म्हणून आले होते मी! तुझ्या कॉलेजात मला एक बाक मिळाला तर कुणाच्या पोटात का दुखावं?

बाबा : ताई, सुई सांभाळ. बोलता बोलता बोट शिवून ठेवशील.

आत्या : माझ्या बोटाची काळजी नको. तू कुठे आहेस ते सांग. लायब्ररीत ना?

बाबा : हां. वरच्या मजल्यावर. जुनी पुस्तकं तिथे ठेवलीत. पाठी सुटलेली, पुठ्ठे निखळलेले. मी आपला खिडकीपाशी बसून एकेक दुरुस्त करतोय. कुणी घाई करत नाही. ‘आजच द्या’ म्हणत नाही.

कात्रण : आणि खाली बघितलं की आत्या दिसते. तळ्याकाठी पेंगणारी.

आत्या : पेंगत नाही मी. पाण्याकडे बघतेय. मधेच एखादं पान पडतं आणि ते अख्खं तळं फिरून येतं. मला तर परवा दुपारी इथे बसल्या बसल्या ते पाणी दिसलं गं. हातात सुई तशीच. किती वेळ गेला कळलंच नाही.

बाबा : मला कळलं. सोळा पानांचा अख्खा फर्मा उलटा शिवलास.

आत्या : शिवला असेन एखादा. पण मला एक सांग कात्रण, इतकं सुंदर बांधून ठेवलंय त्यांनी, ते शिकवतात तरी काय? शेजारीण विचारते ‘पोरगी कुठे जाणार?’, मी म्हणते ‘कॉलेजात’, आणि ती विचारते ‘कसल्या?’ मग मी चहा टाकायला उठते.

कात्रण : सगळं शिकवतात, आत्या. दोन्ही कॉलेजांत. पहिली दोन वर्षं थोडं गणित, थोडं गाणं, थोडा इतिहास, थोडी झाडं. छोटी कॉलेजं आहेत ही. एका वर्गात बारा-पंधरा मुलं. मास्तरांना प्रत्येकाचं नाव माहीत असतं.

आत्या : म्हणजे दांडी मारायची सोय नाही.

कात्रण : नाही.

आत्या : आणि शेवटी होणार काय तू?

कात्रण : ते शेवटी ठरवायचं.

आत्या : बरंय बाई. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. हातात सुई दिली आणि सांगितलं, शिव. पण आता घड्याळ बघ. साडेचार झाले. सहाच्या आत त्यांना कळवायचंय. दोन्ही कॉलेजांनी घेतलंय, दोन्हींनी शिष्यवृत्ती दिलीय, आणि तू तीन आठवडे नुसती त्यांच्या पुस्तकात डोकं घालून बसलीस. आज रविवार, दुकान बंद, शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक येणार नाही. आता बोल. बसने दोन तासांवरचं ते जवळचं? की रेल्वेने एक रात्र आणि एक दिवस लागतो ते लांबचं?

कात्रण : जवळचं.

आत्या : ठरलं?

कात्रण : ठरलं. तळ्यासाठी. बाबा, तुम्हाला काय वाटतं?

बाबा : ताई, दोरा संपला का गं?

आत्या : अरे, मुलगी काय विचारतेय?

बाबा : ऐकलं. जरा हात धुऊन येतो.

आत्या : आत्ताच धुतलेस की.

बाबा : हां. धुतले, खरं. …कात्रण, ते पुस्तक कुठंय?

कात्रण : हे काय, मांडीवर.

बाबा : मला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. पण तुझं वाचणं बघितलं आणि आज नको, उद्या सांगू म्हणत राहिलो.

आत्या : आता जिवाला घोर लावू नकोस. काय ते एकदाचं बोल.

बाबा : त्या दोन कॉलेजांच्या दोन पुस्तिका आल्या, आठवतंय? पत्रांबरोबर. तू अजून नीट उघडल्याही नव्हत्यास. म्हटलं, तारेच्या टाचण्या मारून पाठवलंय, महिन्याभरात पानं सुटतील. पोरीच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, चांगली बांधून देऊ. दोन्ही एकाच पुठ्ठ्यात. आधी एक, मग दुसरी.

कात्रण : हो. निळं कापड लावून दिलंत.

बाबा : टाचण्या काढल्या. दोन गठ्ठे केले, शेजारी शेजारी ठेवले. तेवढ्यात ते हेडमास्तर आले, त्यांचा शब्दकोश घेऊन. मी वळलो आणि कोपर लागलं. दोन्ही गठ्ठे खाली. आकार एकच, रेखाटनं दोन्हीकडे त्याच तपकिरी शाईतली. मी डोळ्यांनी बघून वेगळे केले.

आत्या : डोळ्यांनी? तू कधीपासून डोळ्यांनी कागद ओळखायला लागलास? तू तर बोटांनी ओळखतोस.

बाबा : बोटांना खळ लागली होती. वाळलेली खळ. काही कळत नव्हतं त्यांना. घाईत जुळवलं, शिवलं, आणि मग यंत्रावर कडा कापल्या. तीही जरा जास्त. पानांच्या तळाशी बारीक अक्षरात कॉलेजचं नाव होतं, तेच गेलं कापून.

आत्या : अरे देवा. म्हणजे?

बाबा : म्हणजे पानं मिसळलीत, ताई. थोडी इकडची, थोडी तिकडची. दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ होते, सहज पानं चाळली, तेव्हा कळलं. तळं एकाचं आहे. मनोरा आणि लायब्ररी दुसऱ्याचे. तळ्यावरून लायब्ररीत जायला वीस पावलं नाही लागत. एक रात्र आणि एक दिवस लागतो.

आत्या : आणि माझा बाक?

बाबा : बाक तळ्याचाच आहे. तो आहे तिथेच.

आत्या : नशीब! पण तू लायब्ररीच्या खिडकीत बसून मला बघत होतास, ते?

बाबा : ते कुठेच नाही. तसं कॉलेज नाहीच आहे कुठे. मी बनवलंय ते, चुकून.

आत्या : शहाणाच आहेस! पोरीने त्या पुस्तकावरून आयुष्याचा निर्णय घेतला आणि तू तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास? कात्रण, तू काही बोल ना. अशी हसतेस काय?

कात्रण : मला माहीत होतं.

बाबा : काय माहीत होतं?

कात्रण : पहिल्याच दिवशी. तळ्याचं पान गुळगुळीत. उलटलं, मनोऱ्याचं पान खरखरीत. बाबा, मी कागदाच्या तुकड्यांच्या खोक्यात झोपून मोठी झालेय. तुम्ही मला कात्रण उगाच म्हणता का? गुळगुळीत म्हणजे जवळचं, खरखरीत म्हणजे लांबचं. सगळी पानं तासाभरात ओळखली मी.

आत्या : मग ही वीस पावलं, मनोऱ्याच्या पोटातली वाट, हे सगळं काय होतं?

कात्रण : ते मला आवडलं होतं. तुम्ही दोघंही त्यात चालायला लागलात. तू बाकावर, बाबा खिडकीत. इतकं छान चाललं होतं, कुठे मोडू?

बाबा : पण मला तरी सांगायचंस.

कात्रण : कसं सांगू? तुम्ही पुस्तक माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, ‘कसं झालंय?’ आणि डोळे चोळत होतात. पाठीवरचं सोनेरी नाव तिरकं आलंय, ते तुम्हाला दिसतच नव्हतं. मी म्हटलं, छान झालंय. छानच झालंय.

बाबा : तिरकं आलंय?

आत्या : चांगलं तिरकं आलंय. उतारावरून घसरल्यासारखं. मला वाटलं, नवी फॅशन असेल.

बाबा : हं.

आत्या : आता ‘हं’ म्हणून सुटायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. आज करू, उद्या करू, सीझन संपू दे, परीक्षेची पुस्तकं जाऊ देत. चहात साखर किती पडली ते चमच्याला बोट लावून बघतो हा माणूस. आम्हाला काय दिसत नाही होय?

बाबा : ताई, विषय माझ्या डोळ्यांचा नाही.

आत्या : तोच आहे! आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कात्रण, खरं सांग. जवळचं कॉलेज तू ह्याच्या डोळ्यांसाठी घेतलंस ना?

कात्रण : नाही. तळ्यासाठी.

आत्या : माझ्याकडे बघून बोल.

कात्रण : तळ्यासाठी, आत्या. सांगितलं ना. आणि दर शनिवारी घरी येता येईल, हा नुसता फायदा. पुस्तकांच्या पाठीवरची नावं मी उमटवून देईन. ते काय वाईट आहे का?

बाबा : वाईट काहीच नाही. दोन्ही चांगलीच आहेत. मला एवढंच कळू दे की तुला हवंय कुठलं.

कात्रण : सांगितलं.

बाबा : तू सांगितलंस. आता पुस्तकाला विचारू.

आत्या : ही तुझी जादू का? त्या हेडमास्तरांची फजिती केलीस ती?

बाबा : जादू कसली? जिथे माणूस पुन्हा पुन्हा उघडतो तिथे पुस्तकाची पाठ मऊ पडते. पाठीवर उभं करून हात सोडला की ते आपणहून तिथेच उघडतं. त्यांचा शब्दकोश ‘प्रेम’ या शब्दावर उघडला, त्याला मी काय करू? लाल झाले बिचारे. म्हणाले, ‘परीक्षा’ बघत होतो. परीक्षा चांगली दहा-बारा पानं अलीकडे होती.

कात्रण : करा ना, बाबा. सोडा हात. माझी काही हरकत नाही.

बाबा : बघ हं.

कात्रण : बघतेय.

(पुस्तक टेबलावर पाठीवर उभं राहतं. हात सुटतो.)

आत्या : तळं! बाई गं, तळ्यावरच उघडलं. हे बघ पाणी, हा माझा बाक. झालं तर मग, पोरगी खरं बोलत होती. मीच मेली शंकेखोर. लाव फोन, कळवून टाक.

कात्रण : बघितलंत, बाबा?

बाबा : हां. उघडलं खरं. …जरा इकडे दे.

कात्रण : आता कशाला?

बाबा : दे तर. हे बघ, इथे पाठीत खळ तुटलीय. वरपासून खालपर्यंत, सरळ रेषेत. ताई, तुझं बोट लाव. लागतंय?

आत्या : लागतंय. चिरल्यासारखं.

बाबा : वाचून वाचून पुस्तक असं नाही तुटत. वाचणाऱ्याचा हात हळू असतो. तीन आठवड्यांत खळ नुसती सैल होते, चिरत नाही. असं चिरतं कधी? पुस्तक उताणं घालून, दोन्ही तळव्यांनी अंगातला सगळा जोर लावून दाबलं की. किती वेळा दाबलंस, कात्रण? मी बांधलेलं पुस्तक आहे ते. सहज नाही तुटणार.

कात्रण : दहा-बारा वेळा. काल रात्रभर वर लोखंडी वजनही ठेवलं होतं.

आत्या : अगं कार्टे! बापाला शिकवतेस?

कात्रण : मला माहीत होतं, बाबा हीच परीक्षा घेणार. मी काय करू आत्या? दुसरं कुठलंही पान उघडलं असतं तर मला जायला लागलं असतं.

बाबा : दुसरं कुठलं पान?

कात्रण : कुठलंच नाही.

बाबा : बरं, तू नको सांगू. मला शोधू दे. माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली. …हे नाही. हेही नाही. कोपरे सगळे कडक आहेत. वाचताना माणसाचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर राहतो. घाम लागतो, ऊब लागते. पान उलटावंसं वाटत नाही म्हणून अंगठा तिथेच घुटमळतो. …हे नाही. …हे बघ. हे आहे. ताई, हात लाव.

आत्या : अगंबाई. फडक्यासारखा झालाय हा कोपरा.

बाबा : आणि कागद खरखरीत.

आत्या : म्हणजे लांबचं.

बाबा : काय लिहिलंय या पानावर? मला धूसर दिसतंय सगळं. एका घराचं चित्र आहे एवढं कळतं. कात्रण, वाचून दाखव.

कात्रण : नको ना, बाबा.

बाबा : मला वाचता येत नाहीये गं. वाच.

कात्रण : ‘टेकडीच्या माथ्यावर एक गोल खोली आहे. तिचं छप्पर सरकतं. दर बुधवारी संध्याकाळी खगोलाचे शिक्षक आणि संगीताच्या शिक्षिका तिथे मिळून एकच तास घेतात. आधी बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एकजण विचारतो, हे जे वर फिरतंय त्याला लय आहे का. पहिल्या वर्षी तुम्ही पुढे कोण होणार हे आम्ही विचारत नाही. तुम्ही फक्त एक स्वेटर घेऊन या, वर गार असतं…’

आत्या : कात्रण.

कात्रण : काय?

आत्या : पुस्तक माझ्या हातात आहे. उलटं धरलंय मी. पाठ झालंय पोरीचं, शब्दन्‌शब्द. आणि म्हणे तळ्यासाठी!

कात्रण : तळंही आवडतं मला. खोटं नाही ते. पण त्या खोलीत मी रोज जाऊन येते. शिकवणीला जाताना, भांडी घासताना, इथे खळ ढवळताना. छप्पर सरकतं त्याचा आवाज येतो मला, आपलं शटर वर जातं ना सकाळी, तसा. आणि मग तुम्ही टेबलावर वाकून कागदाला नाक लावून बसलेले दिसता. मग मी खाली उतरून येते. कशी जाऊ मी? तिथून हाक ऐकू यायला एक रात्र आणि एक दिवस लागेल.

बाबा : इकडे ये. बस इथे. हे बघ, मी काही दगडाचा नाही. तू गेलीस की मला करमणार नाही, अजिबात करमणार नाही, हे सांगून टाकतो. या टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे बघवणार नाही मला. पण त्यावर मी काहीतरी करीन. चहा जास्त पिईन. ताईशी भांडेन. पण तू दोन तासांवरच्या तळ्याकाठी बसून त्या खोलीकडे बघत राहिलीस, तर त्यावर मी काय करू? ते मला नाही दुरुस्त करता येणार.

कात्रण : आणि डोळे?

आत्या : डोळ्यांचं मी बघते. उद्या सोमवारची वेळ घेऊन ठेवलीय मी. चार दिवसांपूर्वीच.

बाबा : कुणाला विचारून?

आत्या : कुणाला विचारू? पाठीवर तिरकं नाव टाकणाऱ्याला? अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाले डॉक्टर. माझा एक फर्मा शिवून होईपर्यंत तू घरी. काळा चष्मा घालून बस दुकानात ऐटीत. गिऱ्हाईक घाबरून उधारी मागायचं नाही.

बाबा : बरं.

आत्या : नुसतं बरं नाही. तिच्यासमोर कबूल कर.

बाबा : उद्या जाईन. कबूल. आता तू, कात्रण. किती वाजले?

कात्रण : सव्वापाच.

बाबा : कळव त्यांना.

कात्रण : आत्ता?

बाबा : आत्ता. मग डोळ्यांत पाणी आलं की अक्षरं दिसत नाहीत. मला अनुभव आहे.

कात्रण : …लिहिलं. नाव, नंबर. ‘मी येतेय.’ एवढंच पुरे ना?

आत्या : स्वेटर आणतेय असंही लिही.

कात्रण : आत्या!

आत्या : अगं लिही. त्यांनीच सांगितलंय ना? बरं दिसतं.

कात्रण : लिहिलं. पाठवू?

बाबा : पाठव.

कात्रण : …गेलं.

आत्या : गेलं बाई. आता जरा मला रडू दे, नंतर चहा टाकते.

बाबा : कात्रण, ते पुस्तक राहू दे इथे. जायच्या आधी उसवतो. या वेळी बोटं धुऊन. पानं वेगळी करतो, दोन स्वतंत्र पुस्तकं बांधतो. लांबचं तुझ्याबरोबर ने, जवळचं इथे राहील.

कात्रण : उसवू नका.

बाबा : अगं, चुकलेलं आहे ते. पाठही तुटलीय.

कात्रण : पाठ तेवढी चिकटवून द्या. पानं अशीच राहू देत.

बाबा : कशाला पण?

कात्रण : तिकडे तळं नाहीये ना, बाबा. आत्या कुठे बसेल?